अकरा चाळीसचे दोन गजर

पिल्लूच्या आईच्या फोनमध्ये रोजचे तेवीस गजर होते आणि त्यांतला एकही विनाकारण नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे काही झालं त्यात बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांनी या गजरांविषयी आपापलं मत दिलं, आणि मत देणाऱ्यांपैकी एकाच्याही घरात चौदा महिन्यांचं मूल नव्हतं.

सातचा गजर पाणी उकळायचा. सव्वासातचा, उकळलेलं पाणी निवलं का ते बघायचा. साडेसातचा, सव्वासातला खरंच बघितलं की नुसतं बघायचं ठरवलं, हे आठवायचा. दहाचा खिडक्यांच्या कड्यांचा. असं करत करत दिवस पुढे सरकायचा. अकरा चाळीसला मात्र दोन गजर एकदम वाजत. एक पिल्लूला थेंबांचं औषध द्यायचा आणि दुसरा साखरेचा डबा वरच्या फळीवर आहे ना, ते पाहायचा. आपण औषध आणायला वळलो की सासूबाईंचं बोट साखरेत आणि तिथून पिल्लूच्या ओठांवर जातं, असा तिला दाट संशय होता.

"दोन्ही कामं एकाच गजरात बसव ना," असं पिल्लूचे बाबा एकदा म्हणाले होते. पण एका गजरात दोन कामं बसवली की पहिलं केल्यावर माणसाला वाटतं, झालं. हे त्यांना कळत नव्हतं, कारण त्यांच्या फोनमध्ये एकच गजर होता, आणि तोही तिनेच लावलेला: 'अकरा चाळीस. घरी फोन. औषध दिलं का विचारणे.' गरीब स्वभावाचा माणूस. ऑफिसात कुठेही असो, बरोबर अकरा चाळीसला फोन करायचा.

त्या बुधवारीही त्याने केला.

ती तेव्हा स्वयंपाकघरात थेंबांची बाटली हलवत उभी होती. फोन बाहेर पिल्लूच्या सतरंजीवर. कुलूपबंद. यावर ती पुढे किमान चाळीस वेळा शपथ घेणार होती. सहा आकडी कुलूप, आणि ते आकडे ना वाढदिवसाचे, ना लग्नाच्या तारखेचे. तिने पासे टाकून काढलेले. दोन्ही गजर वाजले, त्यांच्यात फोनची घंटा मिसळली, आणि मग एकाएकी सगळं शांत झालं. लहान मूल असलेल्या घरातली शांतता कशी असते हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. ती बाटली टाकून धावली. फोनचा एक कोपरा पिल्लूच्या तोंडात होता आणि उरलेला फोन उघडा होता.

उघडा म्हणजे सताड. आणि त्याच्यात उघडी होती 'निरीक्षणे' नावाची वही.

ही वही म्हणजे तिची खासगी बाब. पिल्लूच्या तब्येतीवर कशाकशाचा परिणाम होऊ शकतो याची रोजची टाचणं. माणसांना नावं ठेवण्याचा त्यात काडीचाही हेतू नव्हता. पण पिल्लूच्या बोटांनी ती वही जशीच्या तशी बिल्डिंगच्या ग्रुपवर पाठवून दिली होती आणि खाली स्वतःतर्फे 'ज्ज्ज्जज' असा शेराही मारला होता. सोळा बिऱ्हाडांनी त्या दुपारी पुढील मजकूर वाचला:

'सचिव: कोरडा खोकला, मंगळवारपासून. धूळ म्हणतात. धूळ नव्हे. लिफ्टमध्ये पिल्लूचा गाल ओढला.

चौथ्या मजल्याच्या काकू: पापा घेतात. वळल्या की गाल पुसणे.

टिपणीवाले काका: नखं.

पिल्लूचे बाबा: हात धुतले म्हणाले. नळाचा आवाज आला नाही.

सासूबाई: साखर लावल्याचं नाकारलं. बोट चिकट.'

ती शिकलेली बाई; प्रसंगावधान राखून तिने ताबडतोब मजकूर पुसला. फोनने विचारलं, सगळ्यांसाठी पुसू की फक्त तुमच्यासाठी? घाईघाईत तिने एक बटण दाबलं, मजकूर नाहीसा झाला, आणि सुटले बाई म्हणत ती पिल्लूला घेऊन भाजी आणायला खाली उतरली. जिन्यात काकू भेटल्या. त्यांनी पिल्लूकडे बघितलं, पापा घ्यायला पुढे झाल्या, थांबल्या, आणि पदराने स्वतःचेच ओठ पुसून वर निघून गेल्या. लिफ्टपाशी टिपणीवाले काका दोन्ही हात खिशात घालून उभे होते. तेव्हाच तिला पिल्लूच्या बाबांचा निरोप आला: 'अगं, तू ते फक्त तुझ्यासाठी पुसलंयस. आम्हाला सगळ्यांना दिसतंय. आणि मी हात धुतले होते.'

संध्याकाळी सोसायटीचे सचिव दारात उभे राहिले. गळ्याभोवती मफलर, हातात लेटरहेड.

"रविवारच्या सभेत विषय क्रमांक तीन आहे. सभासदांची बदनामी. लेखी माफी आणा, म्हणजे चर्चा लांबणार नाही." एवढं बोलून त्यांनी दाराच्या चौकटीला टेकून बराच वेळ खोकून घेतलं. "धूळ," ते म्हणाले.

"अहो पण मी पाठवलंच नाही. फोन बंद होता. कुलूप होतं."

"मग पाठवलं कोणी?"

"पिल्लूने."

"कुलूप तिने उघडलं?"

"कुलूप आपोआप उघडलं."

सचिवांनी तिच्यापेक्षा तिच्या नवऱ्याकडे जास्त करुणेने पाहिलं आणि ते गेले.

सासूबाईंनी दिवसभर अबोला धरला होता. तो फक्त जेवताना सुटला, आणि तोही भिंतीशी: "आमची बोटं चिकट असतात म्हणे." पिल्लूच्या बाबांनी मात्र समजुतीचा सूर लावला, जो भांडणापेक्षा वाईट.

"अगं, फोन आपोआप उघडत नसतो. तू दमतेस. एखाद्या वेळी कुलूप लावायचं राहून जातं."

"माझं राहून जात नाही. मला आठ वाजताचा गजर आहे कुलूप तपासायचा."

"तेच म्हणतोय मी. रविवारपर्यंत बघू. तुझं म्हणणं खरं निघालं तर मी भर सभेत तुझ्या बाजूने उभा राहीन. नाही निघालं, तर माफी लिही, ती वही पूस, आणि गजर तीनच ठेव. जेवण, झोप आणि लस."

"तीन?"

"लोक तीनवर मुलं वाढवतात."

"लोकांची मुलं कशी आहेत बघतोस ना," ती म्हणाली, पण रागाच्या भरात हो म्हणून बसली. मग रात्रभर तिला एकच प्रश्न छळत राहिला. माफीचं एवढं काही नव्हतं. बायका आयुष्यभर माफ्याच मागतात. पण फोन खरंच तिने उघडा ठेवला असेल, तर मग गॅस? तर मग खिडकीची कडी? ज्या डोक्याच्या भरवशावर ती एक जीव सांभाळत होती त्या डोक्यावरच लोक शंका घेत होते, आणि उद्या तीही घेऊ लागली असती.

गुरुवारी सल्ल्यांचा पाऊस पडला. चौथ्या मजल्याच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "तुझ्या फोनला कव्हर काळं आहे, ते आधी बदल." का ते सांगितलं नाही. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने फोन उलटासुलटा केला, कानाशी धरून हलवून पाहिला आणि निदान केलं, "ताई, वरची काच लूज आहे. काच लूज की कुलूप लूज." त्याने नवी काच बसवली. फोन पूर्वीइतकाच आजारी राहिला. फक्त आता त्यात बघितलं की स्वतःचा चेहरा दिसायचा, आणि तो काही बघण्यासारखा उरला नव्हता. सरकारी कचेरीत उभी हयात फायलींवर टिपणी लिहिण्यात घालवलेले काका स्वतःहून आले. नखं कापलेली होती; तो हात त्यांनी टेबलावर मुद्दाम पसरून ठेवला.

"अर्ज करा," ते म्हणाले. "विषय: भ्रमणध्वनी संच विनाआज्ञा उघडल्याबाबत. तीन प्रती."

"कुणाला करू?"

"ते नंतर ठरवू. आधी अर्ज तयार असावा."

शुक्रवारी ती पिल्लूला सासूबाईंकडे सोपवून, आणि साखरेचा डबा स्वतःच्या पिशवीत घालून, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. बुधवारी हे अकरा चाळीसला झालं, म्हणजे या वेळेतच काहीतरी आहे, असं तिने ठरवलं होतं. टोकन एकोणतीस. काचेपलीकडे निळ्या टीशर्टातला तंत्रज्ञ. त्याने मान वर न करता विचारलं, "पाण्यात पडला होता?"

"नाही."

"घरात लहान मूल आहे?"

"आहे, पण..."

त्याने 'कारण' या रकान्यात 'लहान मूल' असं लिहूनही टाकलं. "सगळं पुसून नव्यासारखा करून देतो. फोटो जातील. इथे सही."

"पिल्लूच्या पहिल्या दाताचे फोटो आहेत त्यात. आधी दोष बघा. फक्त अकरा चाळीसला दिसतो."

"साडेअकरा ते बारा चहा असतो."

आता जगातले सगळे दोष चहाची वेळ सोडून यायला बांधील आहेत की काय, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने विनंती केली. तिच्या आवाजात असं काहीतरी असावं की तो बिचारा कप हातात घेऊन काउंटरवर थांबला, आणि त्याला थांबलेलं पाहून आणखी दोघे, आणि टोकन तीस ते सदतीसही. अकरा चाळीस झाले. दोन्ही गजर वाजले. पडद्यावर 'औषध' आणि 'साखरेचा डबा' ही अक्षरं नाचू लागली आणि सगळ्यांनी ती वाचली. तिने गजर बंद केले. फोनने शांतपणे सहा आकडी कुलूप मागितलं.

टोकन बत्तीस खुदकन हसलं. तिने पिशवी उचलली तेव्हा तिच्यात डबा खडखडला, आणि तो कसला हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. पावतीवर तंत्रज्ञाने लिहिलं, 'दोष आढळला नाही. ग्राहकास समजावून सांगितले.' कसलं समजावणं, त्याने तर तोंडातला घोटसुद्धा गिळला नव्हता.

ती बस-थांब्यावर उभी राहून मनातल्या मनात माफीनाम्याची पहिली ओळ जुळवत होती तेवढ्यात पिल्लूच्या बाबांचा फोन आला. सव्वाबारा झाले होते.

"काय झालं गं? मी मुद्दामच अकरा चाळीसला केला नाही. म्हटलं तू तिथे असशील, उगाच मध्ये घंटा नको."

"काय म्हणालास?"

"उगाच मध्ये घंटा नको म्हटलं."

बस आली आणि गेली. "शहाण्या," ती म्हणाली, "तूच होतास तो."

घरी येऊन तिने सासूबाईंना सगळं एका दमात सांगितलं. अबोला दोन दिवसांचा होता, पण सासूबाईंनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं, आणि प्रयोग म्हटल्यावर त्यांचा अबोला टिकणं शक्यच नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रकाने आखले.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," त्या म्हणाल्या. "वर्गात पोरं सगळं एकदम ओततात आणि मग विचारतात, बाई, रंग कशाने बदलला. तू इथे बस. मी आत जाऊन फोन लावते."

एक गजर आणि फोन: कुलूप जागेवर. दोन गजर, फोन नाही: जागेवर. दोन गजर, फोन घेतला आणि मग ठेवला: जागेवर. सासूबाई दर खेपेला बाहेर येऊन फुली मारून जात होत्या. पिल्लू सतरंजीवर बसून दोघींना टाळ्या वाजवत होतं.

"त्या दिवशी पिल्लूने फोन घेतला होता का?" त्यांनी विचारलं.

"घेता कुठे येतो तिला? तिला लाल रंग आवडतो. ती लाल बटण..."

मग सासूबाई जवळजवळ पळतच आत गेल्या. दोन गजर वाजले, वरून घंटा वाजली, सुनेने फोन न घेताच लाल बटण दाबून तो कापला, आणि कुलूप कुठल्या कुठे गेलं. समोर सगळा फोन उघडा: फोटो, बँक, निरीक्षणे, सगळं. वेळेशी काही संबंध नव्हता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

दोघींनी तोच प्रयोग सासूबाईंच्या फोनवर केला. तोही उघडला. बाबा घरात पाऊल टाकताहेत तोच त्यांच्याही फोनवर केला. त्यांचा उघडलेला फोन त्यांच्याच हातात देऊन सासूबाई म्हणाल्या, "हात धुऊन घे आधी. नळाचा आवाज येऊ दे." मग सुनेकडे वळून, कॅलेंडरच्या पानाची घडी घालत, जरा खालच्या आवाजात: "आणि त्या तुझ्या वहीत एक दुरुस्ती कर. साखर मी लावली होती. दोनदा."

कंपनीला कळवायला गेलं तर तिच्या संकेतस्थळावर बॅटरी, पडदा आणि इतर एवढ्याच तक्रारींना जागा होती. 'इतर'मध्ये शिरलं की एक यंत्र आपुलकीने विचारायचं, फोन बंद करून चालू करून पाहिलात का? सात वेळा पाहिल्यावर तिने टिपणीवाल्या काकांना हाक मारली. माणसाने आयुष्यभर कागदाच्या तळाची बारीक अक्षरंच वाचलेली. त्यांनी बोटाने पान खाली, आणखी खाली, अगदी तळघरापर्यंत सरकवलं, आणि तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं निघालं: 'सुरक्षेतील त्रुटी कळवण्यासाठी पत्ता.' तिने सगळा प्रकार लिहिला, प्रयोगाच्या पानाचा फोटो जोडला. काकांनी विषय घातलाच: विनाआज्ञा उघडल्याबाबत.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. विषय एक पाण्याची टाकी, विषय दोन पुन्हा पाण्याची टाकी. मग सचिवांनी मफलर सारखा केला. "विषय तीन. माफीपत्र आणलंय ना?"

"आणलंय," ती उभी राहत म्हणाली. शेजारी बाबा शब्दाला जागून उभे राहिले आणि दुसऱ्या बाजूला सासूबाई कॅलेंडरचं पान घेऊन. "ते वाचण्याआधी एक विनंती आहे. तुमच्या फोनला कुलूप आहे?"

"अर्थात. माझ्याकडे संस्थेची कागदपत्रं असतात. मी काही फोन उघडा टाकणाऱ्यांतला नाही."

"मग त्यात पुढच्या मिनिटाचे दोन गजर लावा, आणि फोनला कुलूप लावून तो सगळ्यांना दिसेल असा धरा."

हसत हसत त्यांनी लावले. कुलपाला कसं काही होत नाही ते सभासदांनी पाहावं म्हणून फोन डोक्यावर उंच धरला, पडदा सभेकडे. मिनिट भरलं. दोन गजर वाजले. सासूबाईंनी त्यांना फोन लावला.

"आता लाल बटण दाबा."

त्यांनी वर न बघता अंगठ्याने दाबलं. पडद्यावर, सोळा बिऱ्हाडांच्या साक्षीने, एक लालभडक, ओली, अंधारी गुहा उघडली. कुणाला काही कळेना. मग काकूंच्या लक्षात आलं. "अगंबाई, घसा आहे हो हा."

तो सचिवांचाच घसा होता. बॅटरीच्या उजेडात, जवळून, निरनिराळ्या कोनांतून काढलेला, आणि खाली डॉक्टरांना लिहिलेलं: 'आज सहावा दिवस. खोकला वाढलाय. घरी नातवाला घेऊ का? बिल्डिंगमध्ये धूळ म्हणून सांगितलंय.'

टाकीच्या विषयात कधी झाले नव्हते इतके सभासद आता एकाग्र झाले होते. सचिवांनी हात खाली घेतला, पडदा पाहिला, आणि एकदा मनापासून खोकून घेतलं. या वेळी ते धूळ म्हणाले नाहीत.

"नातवाला नका घेऊ," ती म्हणाली. "दोन दिवस ताप नसला तरच. आणि मास्क लावा. माझ्याकडे जास्तीचे आहेत."

टिपणीवाल्या काकांनी इतिवृत्तात नोंद केली: 'विषय तीन: चर्चेअंती मागे. फोन सदोष असल्याचे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. घसाही पाहिला.' हे शेवटचं वाक्य पुढे सचिवांनी खोडलं, तरी वाचता येतं.

सोमवारी कंपनीचं उत्तर आलं. या वेळी यंत्राचं नव्हे, माणसाचं. आपण कळवलेली त्रुटी खरी आणि गंभीर आहे, या प्रणालीवर चालणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये आहे, दुरुस्ती निघेपर्यंत कृपया कुणालाही सांगू नये. हे वाचून तिने कपाळावर हात मारला, कारण तोवर ते सोळा बिऱ्हाडांना ठाऊक होतं. सांगायला अभिमान वाटतो की ज्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हेही लपत नाही, तिने हे गुपित पाच आठवडे पोटात ठेवलं. सगळ्यांवर लक्ष ठेवून होते सचिव. ते बाहेर फुटू नये याची त्यांच्याइतकी काळजी कुणालाच नव्हती.

सहाव्या आठवड्यात दुरुस्ती आली. एका सकाळी बिल्डिंगमधले सगळे फोन एकदम बंद पडून चालू झाले, तेव्हा गच्चीपासून तळमजल्यापर्यंत लोक तिच्या नावाने उगाचच हसले. अकरा चाळीसला दोन गजर वाजले, बाबांचा फोन आला, पिल्लूने लाल बटण दाबलं, आणि फोनने कुलूप मागितलं. पिल्लू भोकाड पसरून रडलं. दोष काढण्यात तिचा वाटा होता आणि तो आता कुणी विचारत नव्हता.

सोबत कंपनीचं पत्र होतं. तुम्ही कळवलेला दोष शोधायला आमच्या पन्नास अभियंत्यांची फळी होती, पण तो कधीच सापडला नव्हता, कारण आमच्या चाचणीच्या फोनवर एका वेळी एकच गजर लावत असत. एका मिनिटाला दोन गजर कुणी लावेल असं आमच्या मनात आलं नाही. कृपया कळवावं, आपल्या फोनवर एकूण किती गजर असतात?

तिने उत्तर लिहायला घेतलं. क्षणभर वाटलं, दहा लिहावं. लोक काय म्हणतील. मग तिने खरं तेच लिहिलं: तेवीस.

चार दिवसांनी दोन ओळी आल्या. 'आभारी आहोत. यापुढे या प्रणालीचा कोणताही नवा फोन बाजारात येण्याआधी त्यावर तेवीस गजर लावून चाचणी होईल.'

बाबांनी ते दोनदा वाचलं. तीन गजरांचं काही बोलले नाहीत. उठून, कुणी न सांगता, नळ मोठा सोडून हात धुऊन आले. सासूबाईंनी पत्राची प्रत कॅलेंडरच्या त्या पानाला टाचणीने जोडली आणि शाळेतल्यासारखा खाली शेरा मारला: 'प्रयोग यशस्वी.'

पिल्लूच्या आईने फोन हातात घेतला, घड्याळ उघडलं आणि चोविसावा गजर लावला. सोमवार, सकाळी दहा: 'कंपनीला विचारणे. तेवीसही लावले का, की नुसतं लावायचं ठरवलं.'